डिंक्या कोणत्या आकड्यात?

ग्रंथपाल निवृत्त झाले, तरी आकड्यांनी त्यांची पाठ सोडली नाही. घरात औषधांच्या बाटल्यांना क्रमांक, किल्ल्यांना क्रमांक. मोज्यांच्या खणावर चिठ्ठी चिकटवली, तेव्हा मात्र बायको म्हणाली, "अहो, आता माझ्या पाठीवर तेवढी चिकटवा." तेव्हा कुठे हात थांबला.

सुनेनं त्यांच्या संगणकावर लिहायला एक अगदी साधा एडिटर टाकून दिला होता. ना बटणं, ना चित्रं. नुसती पांढरी खिडकी आणि लुकलुकणारी उभी रेघ. सून भाषांतरं करायची, तिचं सगळं काम त्यातच चालायचं. ग्रंथपालांना तो फार भावला, कारण तो मधे मधे काही विचारत नसे. मनात येईल ते सगळं एकाच फाइलीत लिहायचं, असं चाललं होतं. फाइल मारुतीच्या शेपटासारखी वाढत गेली. कालचं काही पाहायचं तर पान सरकवता सरकवता बोट दुखायचं.

"बाबा, तुकडे करा हिचे," सून म्हणाली. "एका विषयाची एक फाइल. आणि नाव असं द्या, की बघताक्षणी कळलं पाहिजे."

ग्रंथपालांनी तुकडे केले. नावं मात्र दिली नाहीत, वर्गांक दिले, म्हणजे विषयांचे आकडे; जन्मभर पुस्तकांच्या पाठीवर चिकटवले तेच. सूचीही केली नाही. आकडे त्यांना तोंडपाठ होते. पण ते पुस्तकांचे. पुस्तक बिचारं एका विषयाला धरून राहतं. फिरताना सुचलेलं वाक्य कोणत्या खणात जाऊन बसेल याचा नेम नसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं ते डिंक्याच्या निरोपाच्या दिवशी सकाळी.

डिंक्या म्हणजे ग्रंथालयाचा बाईंडर. नखांत कायम वाळलेला डिंक, म्हणून ते नाव. दुपारी त्याचा निरोपसमारंभ होता आणि बोलायचं होतं ग्रंथपालांनी. त्यानंच बजावलं होतं, "साहेब, दुसरं कुणी नको. आणि नीट बोला. स्वतःच्या निरोपाला बोललात तसं नको."

स्वतःच्या निरोपाला ग्रंथपाल "आभारी आहे" म्हणून खाली बसले होते. तेही खुर्ची होती त्याच्या जरा अलीकडे. चार माणसांसमोर त्यांना ऐनवेळी काही सुचत नसे. पण डिंक्याबद्दल त्यांनी वेळोवेळी चांगली चांगली वाक्यं लिहून ठेवली होती. ती सापडली तर निभावणार होतं. नाहीतर मित्राच्या निरोपाला पुन्हा तेच दोन शब्द.

त्यांनी पुस्तकबांधणीचा वर्ग उघडला. आत एकच ओळ: खळ फार पातळ करू नये. चरित्राच्या वर्गात फक्त त्यांचे दाताचे डॉक्टर निघाले. मैत्रीची फाइलच नव्हती. तो आकडा त्यांनी कधी वापरलाच नव्हता.

"अहो, त्याच्या नावानं एवढे खडे फोडायचात," बायको म्हणाली, "ते कुठल्या आकड्यात?"

"खडे... भूशास्त्रात बघतो," ग्रंथपाल म्हणाले. त्यांनी खरंच बघितलं.

सून टॉवेलनं केस पुसत आली. "बाबा, सगळ्या फाइलींत एकदम शोधता येतं की."

"माहीत आहे. पण ग्रंथालयात येऊन कुणी नुसतीच हाक मारली, तर कपाटं ओ देतात का?"

"ही देतात. मारा हाक."

त्यांनी नाइलाजानं शोधाच्या चौकटीत 'डिंक्या' लिहिलं. खिडकी भरून गेली. एकेक ओळ, तिच्याआधी तिचा आकडा. तर्कशास्त्रातून, रसायनातून, कायद्यातून, पाककलेतूनसुद्धा डिंक्या डोकावत होता. ग्रंथपाल वाचत राहिले आणि कानापर्यंत लाल झाले. एका माणसाबद्दल आपण इतकं लिहिलं?

"आता हे क्रमवार लावतो," ते पुटपुटले.

"काही लावू नका!" सासू-सुना एकदम ओरडल्या. सुनेनं आहे तसंच छापून कागद त्यांच्या हातात दिले.

बांधणीच्या खोलीतच टेबलं सरकवून समारंभ मांडला होता. ग्रंथपाल उभे राहिले. घाबरून त्यांनी आधी वर्गच वाचला.

"तर्कशास्त्र. डिंक्याशी वादात आपण जिंकलो असं वाटतं, ते फक्त घरी पोचेपर्यंत."

खसखस पिकली. आपल्यालाच हसतायत, असं त्यांना वाटलं. वर पाहिलं, तर सगळ्यांच्या माना डिंक्याकडे होत्या.

"रसायन. डिंक्याच्या खळीला वास येत नाही. डिंक्याला येतो."

"अहो, काय हे!" डिंक्या ओरडला. त्याची बायको मात्र टाळ्या वाजवत होती.

"कायदा. डिंक्यानं माझी छत्री परत केली नाही."

"माझीच होती ती!"

"वैद्यक," ग्रंथपालांनी वाचलं. "मी अंथरुणाला खिळलो तेव्हा डिंक्या रोज येई. कशी आहे तब्येत, हेसुद्धा विचारत नसे. माझीच फाटकी पुस्तकं काढून शिवत बसे. दोरा ओढल्याचा आवाज ऐकता ऐकता मला झोप लागे."

डिंक्या मान खाली घालून नखातला डिंक खरवडत होता.

कागद संपले. ग्रंथपालांनी ते खिशात कोंबले. बसतील, म्हणून कुणीतरी खुर्ची पुढे केली, पण ते उभेच राहिले.

"आणखी एक," ते म्हणाले. "हे अजून कुठे लिहिलेलं नाही."

"साहेब, आवरा आता," डिंक्या नाक ओढत म्हणाला. "चहा निवतोय."

"निवू दे," ग्रंथपाल म्हणाले आणि बोलू लागले.