ओळंब्याचा डावा पाय

आजच घडलंय सगळं, तेव्हा सांगताना काही पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

धावणाऱ्यांच्या अंगावर लावायचे सेन्सर तपासायचे, हे आमचं काम. पाऊल कसं पडतं, कंबर किती हलते, डावं-उजवं सारखं आहे का, हे ती चिमुकली यंत्रं सांगतात. खरं सांगतात की थापा मारतात, हे आम्ही सांगतो. आम्ही म्हणजे मी आणि पक्कड; सदा हातात पक्कड असते म्हणून त्या पोराचं हे नाव. पक्कड यंत्रं खोलतो-जोडतो, मी त्यांना नावं ठेवते. तिसरा माझा थोरला भाऊ. तो ट्रेडमिलवर पळतो.

दादा शाळेत खेळाचा मास्तर. त्याचं धावणं इतकं सरळ की पक्कडनं त्याचं नावच ‘ओळंबा’ ठेवलंय. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. कुठलंही यंत्र आलं की आधी दादाच्या अंगावर चढवायचं, त्याला थोडं पळवायचं आणि शून्याचं बटण दाबायचं. म्हणजे यंत्राला सांगायचं, बाबा रे, ही चाल सरळ, आता इथून कोण किती ढळतं ते मोज. रोज सकाळी पहिलं काम हेच. मग दिवसभर तुलना.

या वेळी तीन यंत्रं समोरासमोर होती. एक बुटाच्या नाडीत अडकवायचं, एक कमरेच्या पट्ट्याला लावायचं, आणि तिसरं पक्कडनं स्वतः खपून बनवलेलं, बुटाच्या आत तळव्याखाली बसणारं. दादाबद्दल पहिल्या दोघांचं एकमत होतं: चोख. तिसऱ्याचं मात्र रोजचं एकच रडगाणं. डाव्या पायाचा चवडा आपटतोय.

“ते भंगारात घाल,” मी पक्कडला म्हटलं. “ओळंब्यालाच वाकडं म्हणतंय!”

“ताई, त्याला शून्याचं बटणच ठेवलेलं नाही मी. पाय जमिनीवर कसा पडतो तेवढंच ते बघतं. कोण पळतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.”

“नाचता येईना, अंगण वाकडं!”

बिचाऱ्याचे कान लाल झाले. ट्रेडमिलवरून दादा ओरडला, “अगं मिरचे, किती झोंबशील त्याला! लेकराचं पहिलंच यंत्र आहे ते.”

आज मात्र पक्कड हट्टालाच पेटला. आल्या आल्या म्हणाला, “तुम्ही पायात घालून बघा. खोटं निघालं तर मीच टाकतो भंगारात.”

घातलं. मी पळते म्हणजे धान्याचं पोतं जिन्यावरून गडगडत यावं तशी, पण दोन्ही पाय सारखे आले. खालच्या पहारेकऱ्याला वर बोलावून पळवलं. तो लाजत लाजत पळाला, त्याचेही सारखे. मग पक्कडनं दादाच्या डाव्या बुटातलं यंत्र उजव्यात घातलं आणि उजव्यातलं डाव्यात. यंत्रं बदलली, तक्रार तीच राहिली. डावा आपटतोय.

पक्कड जिंकला होता. पण त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, जुन्या दोन यंत्रांत साठवलेली दादांची चाल पुसून टाकू. आज शून्य दाबायचंच नाही. दादांना तसंच पळू दे.”

पुसली. दादा पळाला. पडद्यावर रोज दोन रेघा जोडीनं चालायच्या आणि तिसरी रुसून लांब असायची. आज तिन्ही एकाच जागी होत्या. तिघीही डावीकडे कललेल्या.

अरे देवा! रोज सकाळी दादाचा पाय जसा असेल तसा आम्ही सरळ ठरवत होतो. पाय ढळत गेला आणि त्याच्यामागोमाग आम्ही शून्य सरकवत गेलो. बोट माझंच होतं ना त्या बटणावर? सख्खी बहीण मी त्याची! परवाच वहिनी म्हणत होती, हे हल्ली सारखे सतरंजीला अडखळतात. मी काय म्हणाले असेन? “पळायला येतं गं त्याला, चालायचंच राहिलंय शिकायचं.” आणि आम्ही दोघी खो खो हसलो होतो.

“दादा, खाली उतर. बूट काढ. टाचांवर उभा राहा.”

“आता काय सर्कस काढलीस?”

“राहा म्हणते ना!”

माझा आवाज ऐकून त्यानं बूट काढले. भिंतीला हात टेकून टाचांवर उभा राहिला. उजव्या पायाची बोटं वर आली. डाव्याची जमिनीलाच चिकटून राहिली. दादानं खाली पाहिलं. पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, पण बोटं हलली नाहीत.

“ऊठ की रे,” तो पायाला म्हणाला. वर्गातल्या आळशी पोराला म्हणावं तसं.

पक्कडनं तोंड फिरवलं.

“झोप नीट झाली नाही काल,” दादा म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला, लहानपणी पडल्यावर आईला सांगू नको म्हणताना हसायचा तसा. “तू एकदा शून्य कर ना गं. मग परत बघू.”

“नाही दादा.”

“एकदाच.”

“नाही म्हटलं ना! चल, दवाखान्यात जायचंय. आत्ताच्या आत्ता.”

पक्कड गाडी काढायला धावला. मी वहिनीला फोन लावला. काय बोलले देव जाणे, पण ती म्हणाली, “मी थेट तिथेच येते.” दादानं दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि पुढे निघाला. “उगाच घाबरता तुम्ही बायका. नस आखडली असेल, चोळलं की बरं वाटेल,” असं बडबडत तो जिन्यापर्यंत पोचला.

मी कुलूप लावायला वळले. त्याची डावी चप्पल उंबऱ्यातच पडली होती.

दादा थांबला नव्हता. एक पाय अनवाणी, थंडगार फरशीवर, आणि तो आपला बोलत बोलत जिना उतरत होता. चप्पल निघाल्याचं त्याला कळलंच नव्हतं. मी ती उचलली. ती हातात घेऊन त्याच्यामागे जिना उतरू लागले.