उघडलेली गाडी

"उघडलेली गाडी दुसऱ्याच्या दारात पाठवायची नाही. नट आपण काढला, तर तो बसवायचाही आपणच." गॅरेजमध्ये नवा माणूस आला की यजमान त्याला पहिल्या दिवशी हेच सांगायचे. त्यांच्यामागे गॅरेज सूनबाई चालवते. मुलगा माझा ऑफिसात. त्याच्या हाती पाना दिला, तर तो आधी पुसून घेतो.

त्या दिवशी पेशंटांची व्हॅन आली होती. रोज पहाटे ती काही जणांना डायलिसिसला नेते. टायमिंग बेल्टच्या कडा पार उसवल्या होत्या. चालत्या गाडीत तो तुटला असता, तर इंजिनच कामातून गेलं असतं. सूनबाईने व्हॅनवाल्याला शब्द दिला, "उद्या पहाटे गाडी तुमच्या दारात उभी असेल."

पण बेल्ट आत, त्याच्यावर झाकण, झाकणापुढे क्रँकची पुली आणि पुलीच्या मधोमध एक बोल्ट. तो काही सुटेना. हवेची गन नुसतीच तडतडली. मग तिने पान्याच्या लांब दांडीला पाइप जोडला, गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि मला म्हणाली, "आई, ब्रेक दाबून बसा. मी सांगेपर्यंत सोडू नका."

मी माळ घेऊनच बसले. जप आणि ब्रेक, दोन्ही एकदम सांभाळता येतात.

व्हॅनवाला हाताची घडी घालून दारात उभा. "वहिनी, हे बरणीचं झाकण नाही."

"बरणी असती तर तुम्हालाच दिली असती, भाऊ. बाजूला व्हा, दांडी सटकली तर दात गोळा करत बसाल."

तो हसला, पण थोड्या वेळाने फोन करून आला. "राग मानू नका. उद्या पेशंट थांबवून ठेवता येत नाहीत. मोठ्या वर्कशॉपला सांगितलंय, दुपारी टोचन लावून ओढून नेतील."

माझ्या ओठांवर एक चांगलं खमंग वाक्य आलं होतं. पण कुणाला कडू बोलायचं नाही हा रोजचा नेम. ते गिळलं आणि पुढचा मणी ओढला.

सूनबाईचा चेहरा उतरला. पोट उघडं टाकून एकही गाडी आमच्या दारातून गेलेली नाही. तिने पुन्हा दांडीवर अख्खं अंग टाकलं, आणि मला बसल्या जागी काहीतरी जाणवलं.

"पोरी, तू ओढलंस की मी इथे पाळण्यात बसल्यासारखी हलते."

ती थांबली. "परत सांगा?"

मी परत सांगितलं. तिने दांडी हळूच ओढली, वाकून इंजिनाकडे बघत राहिली. "म्हणजे निम्मा जोर बोल्टपर्यंत पोचतच नाही. गिअर, टायर, इंजिनाखालचे रबर, सगळे वाटेतच खातात. पुलीच धरून ठेवायला हवी."

पुलीला आट्यांची दोन भोकं होती. त्यांत बोल्टने जखडता येईल असं जाड लोखंड हवं होतं. गॅरेज धुंडाळलं, एक पट्टी पातळ, दुसरी आखूड.

"माझ्या लोखंडी खाटेचा अँगल चालेल का?"

"आणि तुम्ही झोपणार कशावर?"

"मी कधी झोपते खाटेवर? जमिनीवर निजायचा नेम माझा. तिच्यावर तुझ्या नवऱ्याचे कपडे झोपतात."

"काकू, खाट मोडताय?" व्हॅनवाला म्हणाला.

"तुम्ही धरा एक बाजू," सूनबाई म्हणाली. त्याने बाह्या सारून धरली.

तिने अँगल कापला, भोकं पाडली, तो पुलीला आवळला आणि दुसरं टोक फरशीवर टेकवलं. आता इंजिन फिरायला जागाच नव्हती. मग तिने दांडी धरली. झटका नाही, आदळआपट नाही. सावकाश, वाढता जोर.

कडाड.

"गेली दांडी," व्हॅनवाला डोळे मिटून म्हणाला.

दांडी शाबूत होती. बोल्ट सुटला होता. बाकीचे आटे तिने दोन बोटांनी फिरवून काढले आणि बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवला. "घ्या, बरणीचं झाकण."

टोचनवाला आला, तेव्हा व्हॅनवाल्यानेच त्याला फाटकातून परत पाठवलं. "जा बाबा, इथे मेस्त्री काम करतेय." वहिनी नाही, मेस्त्री म्हणाला. आयुष्यभर यजमानांच्या मागे तो शब्द ऐकला होता; त्या दिवशी तो तिच्यासाठी ऐकला. जप चुकला. पहिल्यापासून धरला.

दिवेलागणीला नवा बेल्ट खुणेला खूण जुळवून बसला. जुना बोल्ट ताणलेला, म्हणून तिने नवा घातला आणि जोर मोजून आवळला.

पहाटे मी आसनावर होते. सूनबाईने केस बांधले, खुंटीवरची किल्ली आवाज न करता उचलली आणि दार ओढून घेतलं. व्हॅन एका दमात सुरू झाली, आणि तिने ती हलकेच व्हॅनवाल्याच्या घराकडे वळवली.