फोटो काढणारीने मोजू नये

"अगं, तो माझ्याशी भांडला!" वहिनी फोनवर ओरडलीच. "चहा पांचट झालाय म्हणाला, आणि कप बाजूला सारला!" एवढं बोलून तिला आनंदाने रडूच फुटलं.

चहाला नावं ठेवली म्हणून एवढा आनंद कुणाला होतो? पण धाकट्या बहिणीला तो लगेच कळला. दादा वर्षभर कुणाशी भांडला नव्हता. शाळेत चित्रकला शिकवणारा, सगळा वर्ग डोक्यावर घेणारा हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. ताट समोर आलं तर जेवायचा, नाही आलं तर मागायचा नाही. नैराश्यावरच्या आधीच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घेऊन झाल्या, पण ढिम्म फरक नाही. शेवटी आज सकाळी दवाखान्यात बसवून त्याला झटपट काम करणारं नवं औषध नाकात फवारलं होतं. आणि दुपारी स्वारी भांडायला मोकळी!

योगायोग असा की धाकटीचं कामही याच औषधावर चालायचं, फक्त उंदरांवर. मेंदूतल्या पेशींच्या फांद्यांवर बारीक कोंब असतात, त्यांच्यातून एक पेशी दुसरीशी बोलते. उंदराला फार दिवस ताणाखाली ठेवलं की त्यातले काही कोंब गळतात. हे औषध पेशीवरचं एक दार थोडा वेळ अडवून धरतं. त्याने आत अशी काही खळबळ उडते की पेशी नव्या कोंबांसाठी लागणारा माल बनवायला घेते. ते कोंब नेमके केव्हा येतात, हेच प्रयोगशाळेला बघायचं होतं.

तिथला एक नियम मात्र कडक होता. कवटीत बसवलेल्या बारीक काचेतून उंदराच्या मेंदूचे फोटो जो काढेल, त्याने कोंब मोजायचे नाहीत. ज्याच्या डोळ्यांसमोर उंदीर बागडतोय, त्याला फोटोतही सगळं चांगलंच दिसणार. कुठल्या उंदराला औषध दिलंय आणि कुठल्याला नुसतं पाणी, हेही फक्त प्रयोगशाळेच्या सरांनाच ठाऊक असायचं.

आज धाकटीच्या वाट्याचा उंदीर पिंजऱ्यात नुसता धुमाकूळ घालत होता. तिला कुठला दम निघायला! नुकताच काढलेला फोटो तिने पडद्यावर मोठा केला आणि स्वतःच मोजायला बसली. एक, दोन, तीन नवे कोंब! तिने तडक दादाला फोन लावला.

"दादा, कोंब आलेत! तुझ्यासुद्धा डोक्यात हेच चाललं असणार!"

"मग झालं की," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात जीव होता. "परवाचा फवारा रद्द करतो. तिथे तासन्‌तास कोण बसणार?"

तीही हसली. इतकी हवेत होती की त्याला थांबवायचं राहूनच गेलं.

मोजणीचं काम होतं शंकासुराकडे. हे तिच्या कामातल्या जोडीदाराचं खरं नाव नव्हे, पण सगळे त्याला हाक याच नावाने मारायचे. त्याने फोटो पाहिला आणि भुवई वर गेली. "हा कोंब नाही, खालून जाणारी फांदी आहे. हा आधीच्या फोटोतही आहे, फक्त फोकस हललाय. आणि हा तिसरा उंदराला नाही, तुझ्या दादाला आलेला दिसतोय."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. मग ती पिंजऱ्याकडे वळली. उंदीर अजून धावतच होता.

"अरे, पण मग हा पळतोय कशाच्या जोरावर?"

शंकासुराने चष्मा काढला. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच शंका निघाली नाही. "आधी हुरूप... आणि कोंब मागून?"

कोंब केव्हा येतात, त्याचा धागा हाती लागला होता! दोघं वेड्यासारखे नाचायला लागले. शेजारच्या खोलीतून सर काय झालं म्हणून बघायला आले.

दुसऱ्या दिवशी त्याच उंदराचा फोटो धाकटीने काढला आणि मोजला शंकासुराने. ती हात मागे बांधून उभी. कोंब आले होते, खरेखुरे! काही तर जुने जिथून गळाले होते, अगदी तिथेच. याला औषधच दिलं होतं, हे सरांनी आता उघड केलं आणि दोघांच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! पण सगळे टिकत नाहीत हं. जे टिकतील, त्यांच्यावर पुढचं बरं वाटणं अवलंबून."

तिला कालचा फोन आठवला. दादा फवारा रद्द करणार होता, तिच्या शब्दावर. कोंब एक दिवस उशिरा का होईना, आलेच होते. आपली चूक सांगितली आणि तो पुन्हा भिंतीकडे वळला तर? पण गप्प बसून औषध सुटलं तर? तिने फोन लावला.

"दादा, मी काल चुकले. कोंब काल नव्हतेच, ते आज दिसले, तेही उंदरात. तुझ्या डोक्यातलं मला काही दिसत नाही. तुला बरं वाटलं ते खरं आहे, पण ते टिकवायचं काम आत्ता कुठे सुरू होतंय. फवारा सोडू नकोस रे."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. तिला वाटलं, संपलं सगळं.

"वर्षभर," दादा हळूच म्हणाला, "तुम्ही सगळे माझ्याशी नुसतं गोड बोलताय. होईल नीट, होईल नीट. मी इतका कामातून गेलोय की मला खरं सांगायचीही सोय नाही, एवढंच मला त्यातून कळायचं." त्याने श्वास घेतला. "फवाऱ्याला येतो. पण न्यायला तू ये, तुझी वहिनी वाटभर रडते."

"येते, येते!"

"आणि एक सांग. आज खरं सांगितलंस, म्हणजे तेवढा बरा वाटलो ना मी तुला?"

"वाटलास रे दादा," ती म्हणाली आणि सरांसमोरच भोकाड पसरून रडली.