अध्यक्षांना मत नसतं

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये राजा कोणालाच नको होता. तरी त्या शनिवारी पहाटे लंडनचा राज्याभिषेक बघायला गल्लीतल्या बऱ्याच घरांत टीव्ही लागले होते.

कुशलच्या मॅनेजरच्या पूर्वजांनी म्हणे इंग्रजांच्या राजाविरुद्ध बंदूक उचलली होती. तो मॅनेजर शुक्रवारी पुठ्ठ्याचा मुकुट घालून मीटिंगला आला आणि पहाटे उठायचं म्हणून लवकर घरी गेला. समोरच्या घरातले त्र्यंबक काका मूळचे पुण्याचे, त्यामुळे त्यांना या विषयावर मत होतं. राजेशाही ही कालबाह्य, खर्चिक आणि हास्यास्पद गोष्ट आहे, हे त्यांनी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवता ठेवता कुशलला सविस्तर समजावलं आणि शेवटी विचारलं, "बाय द वे, कुठल्या चॅनेलवर आहे रे?"

कुशलच्या मनात मात्र कसलीही चलबिचल नव्हती. नागपूरहून पहिल्यांदा अमेरिकेत येताना बाबासाहेबांचा फोटो आणि संविधानाची प्रत त्याने हातातल्या बॅगेत ठेवली होती. बाकीचं सामान हरवलं असतं तरी चाललं असतं. जन्माने कोणी मोठा होत नाही, या एका गोष्टीवर त्याचं घर उभं होतं. घरात दर रविवारी सकाळी मीटिंग व्हायची. आधी नऊ वर्षांची इला अडखळत मराठीतून उद्देशिका वाचायची, मग विषय मांडला जायचा, मग चर्चा आणि मग मतदान. सुट्टीत कुठे जायचं, भिंतीला रंग कुठला, कुत्रा आणायचा का. कुत्र्याचा ठराव इलाने चारदा आणला होता आणि चारही वेळा तो दोन विरुद्ध एक असा पडला होता. पण पडला तो लोकशाही मार्गाने. मित्रमंडळींत या मीटिंगचं फार कौतुक होतं. दोन घरांनी तर ती सुरूही केली आणि भांडणं वाढल्यावर बंद केली.

फेब्रुवारीत कुशलची आई, जाईबाई, नागपूरहून आली. पहिल्याच रविवारी तिला टेबलाच्या टोकाला बसवून एकमताने अध्यक्ष करण्यात आलं. टाळ्या झाल्या. सून उपासनाने तिच्यासाठी पाठीला उशी आणली.

आणि आता ही अध्यक्ष अंगावर शाल घेऊन, सोफ्यावर मांडी घालून, इंग्लंडच्या राजाची बग्गी बघत बसली होती.

कुशल खाली आला तो पाणी प्यायला. खरं म्हणजे त्याला झोपच लागली नव्हती. आईचं परतीचं तिकीट मेच्या मध्यावरचं होतं. ते त्याने बदलून ऑगस्टचं करून टाकलं होतं आणि तिला अजून सांगितलं नव्हतं. उद्या रविवारी हॉलवर बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता, आई प्रमुख पाहुणी होती. तिथे माइकवरून सरप्राइज द्यायचं ठरलं होतं. ठरवताना ते फार गोड वाटलं होतं.

"आई, एवढ्या पहाटे? आणि हे?"

"बस. चहा आहे पातेल्यात, गरम करून घे. आता पोचलाच तो चर्चमध्ये."

"आपण संविधानवाली माणसं ना? जन्माने राजा झालेल्या माणसाचं कौतुक बघायचं?"

"कौतुक कोण करून राहिलं? मी त्याचं वय पाहून राहिली. माझ्याच वयाचा आहे. या वयात नोकरीला लागला बिचारा. आमच्या शिक्षण खात्यात या वयाला हयातीचा दाखला मागतात."

कुशलला हसू आलं. चहा घेऊन तो शेजारी बसला. पडद्यावर पावसात पिवळे फलक धरून उभे असलेले लोक दिसले.

"ते बघ, ती खरी माणसं. तू आमचा राजा नाहीस म्हणतायत."

"बरोबर आहे त्यांचं," जाईबाई म्हणाली. "पण यालाही कोणी विचारलं होतं का रे, बाबा, तुला व्हायचं आहे का म्हणून?"

संविधानसभेतही हा मुद्दा आला नसावा.

"त्याला काम काय असतं पण?" तिने पुढे विचारलं.

"काही नाही. ठरवतं सगळं सरकार. हा सही करतो. संसदेत भाषण वाचतो, तेही सरकारने लिहून दिलेलं. राजकारणावर बोलायचं नाही. मतसुद्धा देत नाही."

"मत पण नाही?"

"नाही. नावापुरता प्रमुख. मान सगळ्यात मोठा, पॉवर झिरो."

जाईबाई "हं" म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. पडद्यावर राजाला एकेक वस्तू देत होते. सोन्याचा गोळा हातात दिला, आणि जरा वेळाने काढूनही घेतला.

"हे काय? देतात आणि परत घेतात?"

"प्रतीकं आहेत ती, आई."

"हो का. परवा मी कणीक मळायला घेतली तर उपासनाने परात काढून घेतली हातातून. आई, तुम्ही बसा म्हणे."

"अगं, प्रेमाने करते ती."

"प्रेमाने करते म्हणूनच तर बोलता येत नाही ना. जाच असता तर भांडली असती मी." जाईबाईने शाल सारखी केली. "कुठे गेलं की पहिली खुर्ची माझी. मेणबत्ती मी लावायची, फोटोत मी मधे. पण इतक्या दिवसांत रात्री भाजी कोणती करायची, हे मला कोणी विचारलं नाही. बावीस मास्तर होते माझ्या शाळेत, कुशल. टाइमटेबल मी लावायची."

"तू अध्यक्ष आहेस ना पण मीटिंगची!"

"अध्यक्षाने मत कधी द्यायचं?"

"समसमान मतं पडली तर. निर्णायक मत. सगळीकडे तसंच—"

"घरात मतं किती?"

"तीन."

"तिनांत समसमान कधी पडतं रे?"

कुशल इंजिनियर होता. कॉलेजात गणितात त्याला पैकीच्या पैकी पडले होते. त्याने कप खाली ठेवला.

"मी पहिल्याच रविवारी पाहिलं होतं ते," जाईबाई शांतपणे म्हणाली. "म्हटलं, लेकरं हौसेने करून राहिली, जाऊ दे. मेपर्यंतचा तर प्रश्न आहे. जूनमधे आमच्या विहाराच्या महिला मंडळाची निवडणूक. गजभिये बाई पण उभी आहे अध्यक्षपदाला. तिथे खरी चुरस आहे, बाप्पा. पडली तर पडली. पण पडली तरी मोजून पडीन."

सकाळी आई वरच्या खोलीत दार लावून नागपूरला तासतासभर फोनवर बोलते, हे कुशलला माहीत होतं. तिचा वेळ चांगला जातो, असं तो उपासनाला म्हणालाही होता. तो प्रचार होता.

"आई," तो म्हणाला, "तिकीट मी चेंज केलं. ऑगस्टचं केलं. उद्या कार्यक्रमात सांगणार होतो."

जाईबाईने टीव्हीवरून नजर काढली नाही. पण तिला आता काही दिसत नसावं, कारण नेमका तेव्हाच राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवला जात होता आणि तिने त्यावर एकही शब्द काढला नाही.

"मतदान झालं?"

"झालं. तू वर फोनवर होतीस तेव्हा. तीन शून्य."

टीव्हीत घंटा वाजू लागल्या, तोफा सुटल्या, लोक राजाला उदंड आयुष्य मागू लागले. जाईबाईने रिमोट घेऊन आवाज बंद केला.

"काहून केलं?"

"नागपूरचं ऊन बघ ना. तुझं बीपी. दोन खोल्यांत एकटी. लिफ्ट नाही."

"हे माझ्यासाठीचं झालं. आता तुझं सांग."

कुशल कपाच्या कडेवरून बोट फिरवू लागला.

"बाबा गेल्यापासून तू फोन उचलला नाहीस ना, की मला काही सुचत नाही. मी ऑफिसातून उठून पार्किंगमध्ये जाऊन उभा राहतो. तू कॉलबॅक करेपर्यंत तिथेच. लोकांना वाटतं मी सिगारेट ओढायला जातो."

"हे मांडलं होतं मीटिंगमध्ये?"

"नाही. तिथे उन्हाचा मुद्दा मांडला."

जाईबाई सरकून त्याच्याजवळ आली. त्याच्या टाळूवर केस विरळ झाले होते. तिथे तिने हात ठेवला, आणि तो बेचाळीस वर्षांचा माणूस मान खाली घालून बसून राहिला.

"वेड्या, हे मला सांगायचं ना. तुझा जीव घाबरतो म्हणाला असता, तर मी थांबली असती कदाचित. निवडणूक काय, परत येते. पण माझ्या पाठीमागे ठराव पास केला तू. आता थांबली तर तत्त्वाचा प्रश्न येतो."

"मी तुझ्यावर प्रेम—"

"माहीत आहे. तोच तर ताप आहे."

जिन्यावरून पांघरूण ओढत इला खाली आली. तिच्यामागे उपासनाही आली.

"व्हाय इज एव्हरीवन अप? बाबा, आर यू क्रायिंग?"

"पोलन आहे," कुशल म्हणाला. बाहेर सगळ्या गाड्या झाडांच्या परागांनी पिवळ्या झाल्या होत्या, त्यामुळे ते खपलं.

उपासनाला एका नजरेत कळलं. "सांगितलंस? मी म्हटलं होतं, आधी आईंना विचार."

"मग मत बाजूने कसं दिलंस?"

"मला वाटलं, त्यांना राहायचंच आहे, फक्त बोलून दाखवत नाहीत."

कुशलने तिथेच विमान कंपनीला फोन लावला. संगीत वाजत राहिलं. मुका राजा बाहेर येऊन सोन्याच्या बग्गीत बसला. शेवटी एक बाई लाइनवर आल्या. बदल होईल, म्हणाल्या, पण प्रवासी सज्ञान आहेत, तेव्हा त्यांनी स्वतः सांगावं. काल ऑनलाइन करताना हे कोणी विचारलं नव्हतं.

त्याने फोन आईकडे दिला. जाईबाईने पदर नीट केला, ताठ बसली आणि मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत म्हणाली, "येस. आय ॲम द पॅसेंजर."

तारीख तिने सांगितली ती मूळची नव्हती, आठवडाभर पुढची होती. कुशलने चमकून पाहिलं. तिने फोनवर तळवा ठेवला.

"इलाच्या शाळेत नाच आहे ना तिचा. माझा निर्णय आहे, तुमचा ठराव नव्हे. आणि एका आठवड्याने गजभिये बाई निवडून येत नाही."

पलीकडून सीटबद्दल विचारलं गेलं. लांबचा प्रवास, उठून पाय मोकळे करायला मधल्या वाटेकडची जागा बरी म्हणून कुशल हातवारे करत कुजबुजू लागला, "आइल, आई, आइल."

जाईबाईने त्याच्याकडे मायेने पाहिलं, त्याचं पूर्ण ऐकून घेतलं आणि फोनमध्ये म्हणाली, "विंडो."