येताना एकच सीट

"या खेपेला गाडी न्यायची नाही," माधवराव म्हणाले, आणि सुनीतीच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर एक वेळ ठीक होतं. पण माधवराव! कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही गाडी काढणारा माणूस; कसब्याच्या बोळात आरसे मिटून गाडी आत घातली की ज्याला दिवसभर पुरेल एवढा आनंद होतो, तो. आणि हा म्हणतोय, सव्वीस जानेवारी शुक्रवारी आलीय, तर स्वारगेटहून एसटीनं श्रीवर्धनला जाऊ, जुन्या मित्राकडे, अनंताकडे उतरू, समुद्रावर पायी हिंडू.

"का हो? गाडीला काय धाड भरलीय?"

"गाडीला काही नाही. घाटात रांगा लागतात. म्हटलं, खिडकीत बसून निवांत जाऊ."

निवांत! पस्तीस वर्षांच्या संसारात हा शब्द माधवरावांच्या तोंडून तिनं ऐकला नव्हता. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिनं तिथल्या तिथे ओळखलं.

ओळखणारच. बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक तिनं केलं होतं. कुठला मास्तर कुठल्या तासाला दांडी मारणार, हे तिला सकाळच्या त्याच्या नमस्कारावरून कळायचं. निवृत्त झाली तरी हात स्वस्थ बसेनात, म्हणून माधवराव नोकरीतून मोकळे झाले तसं त्यांचं वेळापत्रक फ्रिजवर लागलं. सहा दहाला फिरणं, सातला गोळी, सव्वासातला पेपर, आणि पेपर चाळीस मिनिटं, बास. माधवरावांनी दोन वर्षांत हूं की चूं केलं नव्हतं.

सहलीचा बेत आखायचं काम अर्थातच तिच्याकडे आलं. किती वाजता रिक्षा बोलवायची, डबा कुठल्या थांब्यावर उघडायचा, ओहोटी कधी, सगळं तिनं कागदावर मांडलं. माधवराव प्रत्येक ओळीला मान डोलवत होते.

"आणि परतीचं?" तिनं विचारलं.

"ते मी बघतो."

झालं! साधं गॅसचं बुकिंग ज्यांनी कधी बघितलं नाही, ते परतीचं बघणार. तिनं दुपारी गुपचूप अनंताच्या बायकोला, हेमाला, फोन लावला.

"या की वहिनी," हेमा म्हणाली. "भाऊजींची खोली झाडून ठेवलीय. विहिरीचं पाणी त्यांना सोसेल ना हो, इतके दिवस?"

"इतके दिवस म्हणजे किती?"

पलीकडून उगाचच 'हॅलो, हॅलो' झालं. मग, "ऐकू येत नाही हो वहिनी, इथे रेंजच नाही बघा," असं म्हणून हेमानं फोन ठेवला. आतापर्यंत मात्र तिला सगळं खणखणीत ऐकू येत होतं!

सुनीतीला राहवेना. क्षणभर बाईबिईची शंकासुद्धा मनाला चाटून गेली. पण कानटोपी घालून घोरणाऱ्या या माणसाला कोण विचारतंय, म्हणून ती तिनं तिथेच निकालात काढली. मग काय? दुखणं लपवताहेत? तिनं औषधांचा डबा उपसला, गोळ्या मोजल्या. एकही कमी-जास्त नव्हती.

बुधवारी मशीनला कपडे लावताना तिनं नेहमीप्रमाणे खिसे तपासले. सदऱ्याच्या खिशात आरक्षणाचे दोन कागद निघाले. जातानाचा कागद दोघांचा होता. येतानाच्या कागदावर एकच सीट, आणि पुढे नाव तिचं.

ती न्हाणीघरातल्या स्टुलावर बसली. गाडी का नको, ते आता लख्ख कळलं. गाडी नेली असती तर परत कोण आणणार? तिला चालवता येत नाही. म्हणजे हिला बसमध्ये बसवून द्यायचं आणि आपण तिथेच राहायचं, असं ठरवून चाललंय सगळं. कधीपासून? नळ वाहतोय हेसुद्धा तिच्या ध्यानात राहिलं नाही.

जेवताना तिनं तो कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. माधवरावांनी तो बघितला, आणि आमटीभाताचा हातातला घास खाली ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "मला सांगायला जमत नव्हतं."

"मला टाकून चाललात?"

"टाकून कसला? अनंताकडे जरा राहणार आहे."

"मग लपवलंत का? एका शब्दानं सांगितलं असतंत तर मी काय नाही म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलंस. तू तिथलं वेळापत्रक करून दिलं असतंस."

 ते खरं होतं. अगदी पंधरा मिनिटांत करून दिलं असतं.

"शाळेत पोरांनासुद्धा ऑफ तास असतो गं," माधवराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. "मला दोन वर्षांत एक नाही मिळाला. एखाद्या दिवशी पेपर दोन तास वाचावासा वाटतो. एखाद्या दिवशी वाचावासाच वाटत नाही."

"किती दिवस राहणार?"

"ठरवलं नाही."

वेळापत्रकातली एक चौकट रिकामी दिसली तर जिला झोप लागायची नाही, त्या बाईला हे उत्तर! तिचे डोळे भरून आले. पुसायचं भानही तिला राहिलं नाही. हा माणूस बोलत नव्हता ते पटत होतं म्हणून नव्हे, दमला होता म्हणून, आणि शाळाभरच्या मास्तरांना ओळखणाऱ्या आपल्याला आपलाच नवरा ओळखता आला नाही, याची तिला लाज वाटली. आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"परत येणार आहात का? एवढंच सांगा."

माधवरावांनी डाव्या हातानं तो कागद तिच्याकडे सरकवला.

"तू बोलावशील तेव्हा येईन," ते म्हणाले. "फक्त अमुक तारखेला, अमुक बसनं, असं नको सांगूस. नुसतं 'या' म्हण."

"या," सुनीती म्हणाली.

"अगं, अजून गेलोय कुठे?"

"माहीत आहे मला. तरी पण या."