काशीबाईंच्या वाट्याला आलेला ड्रॅगन

मी एक जाडजूड कादंबरी बोलतेय. माझ्या मुखपृष्ठावर निळा ड्रॅगन आहे, अंगाला सुक्या बोंबलाचा वास आहे आणि कणा नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेला आहे. यांपैकी जन्माच्या वेळी माझ्याकडे फक्त ड्रॅगन होता.

पुण्यातल्या एका छापखान्यात मी जन्मले. दुकानदाराने मुखपृष्ठ पाहिलं आणि मला अंकलिपीशेजारी ठेवलं. माझ्या पोटात एक शापित राज्य आहे, रुसणारी विहीर आहे, मुलाचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा आवाज ड्रॅगनला देऊन टाकणारी राणी आहे, आणि बाईच्या आवाजात गर्जना करावी लागल्याने हैराण झालेला ड्रॅगन आहे. अंकलिपीला यात काही रस नव्हता.

तिथून मला प्रियदर्शिनीने उचललं. ती बोईसरची. शिकायला फार दूर, बर्फाच्या देशात गेली होती. तिथल्या एकाकी हिवाळ्यात तिला अशाच कादंबऱ्यांनी तगवलं. जे आपल्याला मिळालं ते आपल्या भागातल्या प्रत्येकाला मिळालं पाहिजे, असं ठरवून ती परत आली होती. कारखान्यातून आलेल्या वडिलांनी मला चाळून विचारलं, "यातलं खरं किती?"

"काहीच नाही, बाबा," ती अभिमानाने म्हणाली.

त्यांनी मला खाली ठेवलं आणि वर्तमानपत्र घेतलं. त्यातलं खरं किती, हे मात्र विचारलं नाही.

तारापूरच्या बाजूला, किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावात तिने मच्छीमार संस्थेच्या खोलीतलं एक कपाट मिळवलं. संस्थेचे चेअरमन पुंडलिकभाऊंनी अट घातली. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जाईपर्यंत कपाट तुझं. तोवर कुणी वाचलं नाही, तर पुस्तकं घरी न्यायची. त्यांना तिथे होड्यांचे दोर ठेवायचे होते.

पहिल्या दिवशी प्रियदर्शिनीने मला उंच धरून भाषण केलं. जादूच्या गोष्टी लहान मुलांच्या नसतात, ज्याला ड्रॅगन कल्पता येतो त्याला उद्याचं वेगळं गावही कल्पता येतं, असं ती मनापासून बोलली. शेजारच्या अणुवीज केंद्राच्या आपत्कालीन सरावाची भाषणं ऐकून गावाला शांत बसायची सवय होती. गावाने हेही तसंच ऐकून घेतलं. शेवटी एकाने सही कुठे करायची ते विचारलं.

मग मी कपाटात पडून राहिले. प्रियदर्शिनी दर रविवारी यायची, धूळ पुसायची आणि जायची.

मासेमारी बंद असली की त्या खोलीत जाळी शिवायला माणसं बसतात. हात गुंतलेले असतात, तोंडं मोकळी. एके दुपारी गावातले सगळे विषय संपले, म्हणून हेमालीने मला उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ही हेमाली म्हणजे गावातल्या सुकी मासळी विकणाऱ्या काशीबाईंची सून. ड्रॅगन मासे खातो का, खातो तर कुठले, असं लगेच विचारण्यात आलं. माझ्यात याचा उल्लेख नाही. ही माझी उणीव मला मान्य आहे.

आठवड्याभरात जो तो मला घरी न्यायला मागू लागला. शेवटी चौघांत भांडण जुंपलं. तेव्हा काशीबाईंचे यजमान कमलाकांत तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, उठले. भांडण मिटवायची त्यांना एकच रीत माहीत होती. होडीवरची मासळी वाटताना सारखे ढीग लावतात. एक जण पाठ करून उभा राहतो, दुसरा ढिगाला हात लावून "हा कोणाचा?" विचारतो आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. कुणाची तक्रार उरत नाही.

कमलाकांतांनी सुरी घेतली आणि माझे चार सारखे वाटे केले. हेमाली पाठ करून उभी राहिली.

पहिला वाटा तिचा स्वतःचा निघाला, दुसरा शेजारच्या किंजलचा, तिसरा पुंडलिकभाऊंचा आणि चौथा काशीबाईंचा. मासळीच्या ढिगात पहिला कुठला आणि शेवटचा कुठला, असं काही नसतं. कादंबरीत असतं. हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी प्रियदर्शिनी आली. कपाटात माझं नुसतं मुखपृष्ठ होतं.

"मावशी, पुस्तक कुठंय?"

"वाटे केले," काशीबाई म्हणाल्या. "हा माजा. तुला नाय ठेवला, तू वाचलेलं हाय ना."

प्रियदर्शिनी खाली बसली. वाचनाचा प्रसार या विषयावर तिने बर्फाच्या देशात लांबलचक प्रबंध लिहिला होता. त्यात सुरी कुठेच नव्हती.

काशीबाईंनी ओट्यावर सुके बोंबील निवडता निवडता, बोट ओळीवर ठेवून आपला वाटा, म्हणजे गोष्टीचा शेवटच, आधी वाचला. "त्या राणीनं पोरासाठी आवाज दिला, बरोबर केलं," त्यांनी प्रियदर्शिनीला सांगितलं. "मी बी दिला असता. पण आदी भांडले असते."

तेव्हापासून ड्रॅगनचं पुढे काय होतं हे गावात एकट्या त्यांना ठाऊक होतं, आणि त्या सांगत नव्हत्या. सुनेला नाही, नवऱ्याला तर नाहीच. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकताना त्या गिऱ्हाइकांना अर्धीच गोष्ट सांगायच्या. पुढचं विचारलं की कपाटाचा पत्ता द्यायच्या. जवळच्या कुंभवलीच्या दोन बायका कारखान्यातली पाळी सुटल्यावर खरोखर आल्या आणि पहिल्या वाट्यासाठी नंबर लावून गेल्या.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुंडलिकभाऊ दोर घेऊन आले. ते म्हणाले, पुस्तकाचे तुकडे झाले, याला काही वाचनालय म्हणत नाहीत, कपाट रिकामं करा. प्रियदर्शिनी पुस्तकं पिशवीत भरू लागली.

काशीबाई दारात उभ्या होत्या. "चेअरमन, तुमचा तिसरा वाटा वाचून झाला?"

"झाला." त्यांनी दोर खाली ठेवले. "बाण लागलाय त्याला. मरतो काय?"

"चौथ्यात हाय."

"मग दे की."

"आदी कपाट," काशीबाई म्हणाल्या. "मग ड्रॅगन."

पुंडलिकभाऊंनी दोराकडे पाहिलं. मग दोर उचलून घरी नेले. ते अजून त्यांच्या खाटेखाली आहेत. त्यांच्या पत्नी याबद्दल रोज बोलतात.

कपाट राहिलं आणि ठरल्याप्रमाणे पुंडलिकभाऊंना चौथा वाटा वाचायला मिळाला. हेमालीने माझे चारही वाटे जाळ्याच्या दोऱ्याने शिवले. गाठी अशा पक्क्या आहेत की मी आता समुद्रातही टिकेन. माझी पानं तेलकट आहेत, काहींवर खवले चिकटलेत. अंकलिपीशेजारी मी याहून नीटनेटकी दिसत होते, पण तिथे माझ्यासाठी कुणी भांडत नव्हतं.

वाचकहो, तुमच्याकडेही माझी एखादी बहीण धूळ खात असेल. तिला उघडा आणि अर्धी गोष्ट कुणाला तरी सांगा. अर्धीच. परवा प्रियदर्शिनीने माझा दुसरा खंड आणलाय, माझ्याहून जाड. कमलाकांत सुरीला धार लावत आहेत. त्या नव्या खंडाच्या वतीने माझी एवढीच विनंती आहे, की कापण्याआधी वाट्यांवर आकडे घाला.

आणि ड्रॅगन मेला की वाचला, ते काशीबाईंना विचारा. त्या सांगणार नाहीत.