वाघ नसलेली गोष्ट

मी एक झेरॉक्स प्रत बोलतेय. पाच पानं आणि कोपऱ्यात एक पिन, एवढाच माझा देह. सिंदेवाहीच्या बसस्टँडजवळच्या दुकानात माझा जन्म झाला. कॉलेजात नव्यानंच आलेल्या प्रेमिला मॅडमनी बारावीच्या वर्गासाठी आम्हा चाळीस बहिणींना काढून नेलं. मी रंजीताच्या वाट्याला आले.

माझ्या पानांवर एक गोष्ट आहे. एक बाई सरपणाला जंगलात जाते, परतत नाही. घरचे नेहमीसारखे जेवायला बसतात, तिचं ताट वाढून झाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिचं नाव कुणी काढत नाही. बस, संपली.

हे वाचून अस्वस्थ का वाटतं, असं मॅडमनी विचारलं. स्वप्निल म्हणाला, वाघामुळे. मॅडमनी त्याला गोष्टीतला वाघ शोधायला सांगितला. त्यानं पाचही पानं चाळली. वाघ हा शब्द कुठंच नव्हता. तो पोरांनी आपापल्या गावातून आणला होता.

मग आशयसूत्र लिहायचं होतं. बहुतेकांनी ‘निसर्ग आणि माणूस’ लिहिलं. मोठा शब्द सापडला की माणसांना सुटल्यासारखं वाटतं. रंजीतानं माझ्या समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘हे लोक वाईट नाईत. नाव घेतलं तर ती गेली हे खरं होईल.’ मला बाकावर ठेवून ती निघून गेली. चार दिवस आली नाही.

मॅडमनी समास वाचला, चौकशी केली. रंजीताच्या आईला, नीलाबाईला, दोन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना वाघानं नेलं होतं. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, मॅडमना नव्हतं. रविवारी मला पिशवीत घालून त्या तिच्या गावी गेल्या.

रंजीताचे वडील मुखरूभाऊ अंगणात मासोळीचं जाळं दुरुस्त करत होते. मॅडमनी माफी मागितली. मुखरूभाऊंनी गोष्ट काय होती ते विचारलं. मॅडम अडखळल्या. रंजीतानं मला मॅडमच्या पिशवीतून काढलं आणि शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं.

“त्यायनं तिचं नाव काऊन नाई घेतलं?” मुखरूभाऊंनी विचारलं.

“तुमी तरी कुठी घेता, बाबा?”

त्यांनी जाळं खाली ठेवलं.

“मी वीस पावलांवर होतो,” ते म्हणाले. “नीलानं मले दोनदा आवाज देला. मी झाडावर चढलो.”

गावाला त्यांनी सांगितलं होतं, की आपण तेव्हा तलावावर होतो. रंजीतानं मला घरातल्या फळीवर ठेवलं. मग मॅडमना बसपर्यंत सोडून आली.

ती कॉलेजात परतली, पण बापाशी कितीतरी महिने बोलली नाही. यंदा मोह गळू लागला तेव्हा एका सकाळी मुखरूभाऊ टोपली घेऊन एकटेच निघाले. नीलाबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. रंजीता दारात आली.

“थांबा. मी पन येते.”

दोघांना परतायला दुपार झाली. तोवर मी फळीवरून दाराकडे कान लावून होते. अस्वस्थता मी इतके दिवस अंगावर छापून घेतली होती. ती कशी असते ते मला त्या दिवशी कळलं.

तिनं बापाला माफ केलं का, मला माहीत नाही. माझ्या कुठल्याच पानावर ते लिहिलेलं नाही. आता मला वाळवी लागलीय, माझे फार दिवस उरलेले नाहीत. जाताना एवढंच मागते. गोष्ट वाचून जीव कासावीस झाला, तर उत्तर लिहायची घाई करू नका. आधी आपल्या शेजारी कोण गप्प बसलंय, ते बघा.